हात दाखवून

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
माझ्या हाताला लागला.
प्रज्योतने फोन तांब्याला टेकवून उभा केला,
म्हणाला, आई, तळवे पुढे कर. अजून. एवढे नको.

पडद्यात डॉक्टर. मिसरूड फुटल्यासारखा पोरगा,
मागे पांढरी भिंत, निनाद का काहीतरी नाव.
"ताई, उजेडात या." ट्यूबखाली गेले.
"आता फारच उजेड झाला."
फोन माझे हात गोरे करून दाखवत होता,
भेगा बुजवून, डाग पुसून,
लग्नाच्या अल्बमात करतात तसे.
मी म्हटलं, हे माझे नव्हेत.
माझे तर रेशन दुकानातल्या मशीनलाही ओळखू येत नाहीत,
अंगठा चारदा दाबला तरी म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

अकरा वर्षं झाली या इसबाला.
शेजारच्या हिराबाई नायटा म्हणतात
आणि माझा कप वेगळा ठेवतात.

रास्ता पेठेत इनामदारबाई आहेत.
आंबेगाव पठारावरून दोन बस, अर्ध्या दिवसाचा खाडा,
नंबर सत्तेचाळीस.
बाकावर सगळे आपापलं झाकून बसलेले,
एक मुलगा तेवढा कोपर खाजवतो, त्याची आई हात धरते.
पण बाई हातमोजा घालत नाहीत.
माझा हात हातात घेतात,
भेगेच्या कडेने अंगठा फिरवतात,
कागदाचा पोत बघताना मी फिरवते तसा.
चार मिनिटं मिळतात. त्यातलं एक नुसतं तेवढंच.
त्या मिनिटासाठी मी दोन बस बदलते
हे प्रज्योतला सांगितलेलं नाही.

आता खरं सांगायचं तर
बाईंकडे जाताना मी हात घासून धुते,
बरी साडी नेसते,
काम काय करता, विचारलं की म्हणते, बाइंडिंग.
बाइंडिंग म्हटल्यावर पुढे कोण विचारतं.

त्या पोराने विचारलं.
त्याला माझ्या खांद्यामागचं दिसत होतं.
"ते पातेल्यात निळसर काय आहे?"
खळ. मैद्याची.
"निळी?"
मोरचूद घालतो. नाहीतर झुरळं पुठ्ठे खातात.
"आणि लावता कशानं?"
मी हाताकडे बघितलं. तोही बघत होता,
तेवढ्यात चित्र थिजलं.
त्याचं तोंड उघडं, माझी बोटं अर्धी.
परत आला तेव्हा म्हणाला, रबरी मोजे घाला, ताई.

घातले. महिनाभर.
मनगटापर्यंत पेटले हात.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

पुन्हा दोन बस.
बाईंनी पाठीवर चौकोन चिकटवले, पेनाने आकडे घातले,
दोन दिवस आंघोळ नाही, फार वाकायचं नाही.
वीस वर्षं लोकांच्या पुस्तकांच्या पाठी चिकटवतेय,
आता माझ्या पाठीवर कुणी नंबर टाकला.
उताणं निजायचं नाही, पालथं निजवत नाही,
रात्रभर भिंतीशी बसून
बुधवार पेठेतलं उरलेलं काम मोजत होते.

पट्ट्या निघाल्या. बाई म्हणाल्या,
थांबा, तुम्हाला दिसणार कशी स्वतःची पाठ?
माझ्याच फोनवर फोटो काढून दिला.
मोरचुदाचा चौकोन फिकट, शंकेखोर.
रबराचा टरारून फुगलेला, जांभळा.
आमच्या रंगावर लाल उमटत नाही,
हे बाईंना ठाऊक होतं.

फोटो निनादलाही पाठवला.
वाचल्याची निळी खूण आली. उत्तर अजून नाही.
पातेलं तेवढं त्याच्यामुळे सापडलं, हे विसरत नाही मी.

रबर नको. खळीत हात नको.
आणि कागद किती प्यालाय
ते बोटांशिवाय कळायचं कसं,
हे दोघांनाही विचारायचं राहिलं.
सोमवारी नव्वद प्रबंध आहेत,
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं.