बत्तीस दाती

दौलतगंजात, इक्रामुद्दीनच्या बाकावर,
तीन फ्रीव्हील मांडलीत जुन्या पेपरवर.
थोरल्या चकतीचे दात अनुक्रमे
अठ्ठावीस, तीस, बत्तीस.
मी उचलते, उजेडात धरते, परत ठेवते.

सायकल दादाची. पोलादी, सांध्यांवर कोरीव पानं,
रंग मूळचा निळा, आताचं विचारू नका.
पुढे बावन्न आणि बेचाळीस,
मागे सगळ्यात मोठी चोवीस.
पण चोवीसला कधी हात लावला नाही, म्हणायचा.
एकवीसवर उरवाईची चढण, एका दमात,
पाय टेकला तर नाव बदलीन.
नाव तेच राहिलं. बदली झाली बडोद्याला,
पोट सुटलं,
सायकल माझ्याकडे आली.

माझे गुडघे सत्तावन्न वर्षांचे.
पुढचीच लहान करा ना, मी म्हणते.
तो मान हलवतो. बोल्टांचं वर्तुळच एवढं मोठं
की बेचाळिसाच्या आत काही बसत नाही.
करायचं ते मागेच.
आणि मागे बत्तीस, तर हा आखूड डिरेलर
साखळी झेलणार नाही, नाडीसारखी लोंबेल.
लांब दांडीचा लावावा लागेल.
“फिर ओरिजिनल नहीं रहेगी, दीदी.”
हे तो हळू आवाजात सांगतो,
आतल्या खोलीत कुणी आजारी असावं तसं.

शिकंज्यात पाना आवळून त्याने अख्खं चाकच फिरवलं.
जुनं फ्रीव्हील कुरकुरत सुटलं.
रॉकेलमध्ये बुडवलं, घासलं,
तेव्हा दात दिसले.
चौदा, सतरा, एकोणीस: जवळजवळ कोऱ्या.
एकवीस: बरी.
चोवीस मात्र झिजून एका अंगाला कललेली,
मांजरीच्या नखांसारखी.

इक्रामुद्दीननेही पाहिलं.
चिंधीला हात पुसत राहिला.
“बत्तीस,” मी म्हटलं,
आणि तो साखळीच्या कड्या मोजायला बसला.

रविवारी पहाटे उरवाई.
कातळातले तीर्थंकर उभे, गुडघे न वाकवता.
मी इतकी हळू, की एक कुत्रा
थोडा वेळ सोबत चालला आणि कंटाळून बसला.
दुसऱ्या वळणावर पाय टेकला.
पाणी प्यायले. पुन्हा चढले.

रात्री दादाचा फोन. किती दाती घातलीस?
“बत्तीस.”
“बत्तीस! माझ्या तोंडात नाहीत एवढे.”
खूप हसला.
चोवीस समोर बशीत होती, अजून रॉकेलचा वास येत होता.
“तुझी चोवीस अगदी कोरी निघाली रे,” मी म्हटलं.

पलीकडून बराच वेळ
नुसता पंखा ऐकू आला.