व्हाउचर नसलेली नोंद

होमराज पराते सकाळी साडेसातलाच येतो,
कारण अकरानंतर मानेवाड्यात भिंतीही हात लावू देत नाहीत.
मे महिना. हॉलमध्ये कूलर घुमतोय,
बाथरूमपर्यंत त्याचा फक्त आवाज पोचतो.

पिशवीतून तो मशीन काढतो, दुधी भोपळ्याएवढं लांबट,
तोंडाशी अर्ध्या चंद्राचं पातं,
कडेला साखरेसारखी खरबरीत कणी.
"फिरत नाही जी हे, नुसतं थरथरते.
ग्राइंडर लावला असता तं टाइलाच गेल्या असत्या."

मी दारात स्टूल टाकून बसते.
एजी ऑफिसात चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या,
कुणी काम करत असलं की बसून पाहायची सवय जात नाही.

पातं सांध्यात उतरतं.
आपल्याच दाढेतून निघावा तसा आवाज.
जुनं सिमेंट पिठासारखं पडतं,
आधी काळं, मग करडं,
मग आत चक्क पांढरं,
दोन हजार तीन सालचं, उजेड न पाहिलेलं.
"दाबायचं नाही," होमराज स्वतःलाच बजावतो.
"दाबलं का ब्लेड तापते, अन् कोर उडते."
त्याचे वडील गोळीबार चौकात मागावर बसायचे.
मले माग येत नाही, म्हणतो,
सरळ रेघ येते.

नळाखालच्या कोपऱ्यापाशी तो पोचतो, आणि मी उठून उभी राहते.
तिथली रेघ पिवळी आहे.
मैथिलीच्या हळदीची.
पाटावर बसली होती, पाय नळाकडे, हसत होती,
आणि पाणी पिवळं होऊन जाळीकडे गेलं होतं.
ती मेलबर्नला गेली. रेघ राहिली.
अकरा वर्षं मी ब्रश तिथवर नेला नाही.

"एवढी राहू द्यायची का?"
तो मान वळवतो. नाकावर रुमाल, भुवया पांढऱ्या.
"पाणी इथूनच खाली जाऊन राहिलं, बाई."

तेही खरंच.
खाली शकूताई नंदनवारांच्या छताला पोपडे.
तीन पावसाळे झाले, जिन्यात भेटल्या
की आधी वर पाहतात, मग माझ्याकडे.

बारीक पातं लावून तो कोपरा कोरतो.
सव्वा मिनिट लागतं. मी घड्याळ पाहते.

नवा ग्राउट करडा. मळखाऊ.
चोवीस तास पाणी टाकायचं नाही.
म्हणून दुसऱ्या सकाळी टॉवेल, साबणदाणी,
आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाटीभर तक्कू घेऊन
मी खाली आंघोळीला जाते.

शकूताईंनी बादली भरून ठेवलीय.
"टाकीचं आहे, तापलेलंच आहे," एवढंच बोलतात.

कडी लावते. वर पाहते.
माझ्याच आंघोळींचा नकाशा,
तपकिरी, कडांना फुगलेला.
कुठे बादली कलंडली असेल,
कुठे मी टाचा घासत बसले असेन.
खाली पाहते.
नळाखाली, त्याच कोपऱ्यात,
पिवळी रेघ.
तेवढीच. तोच रंग.

शकूताईंनी लग्न केलं नाही.
या घरात हळद फोडणीतच पडली असेल.
बोअर मात्र आमचं एकच, दोन्ही मजल्यांना.
लोखंडाचं पाणी.

अकरा वर्षं एक नोंद खरी धरली,
व्हाउचर न मागता.
मी.
दुसऱ्या कुणाची असती तर लाल शाईनं गोल करून
खुलासा मागवला असता.

ती हसली होती, एवढं पक्कं.
ते खातं मी उघडणार नाही.

तांब्या डोक्यावर ओतते आणि मलाच मोठ्यानं हसू येतं.
दाराबाहेरून शकूताई: "का झालं वो?"
"काही नाही. तुमचेही सांधे उकरायला झालेत.
होमराजला थांबवते, ब्लेड अजून बोथट झालेली नाही."

बाहेर बराच वेळ काहीच नाही.
चमच्याचा वाटीवर आवाज.
मग: "पैसे कोण देणार?"

"छताचे मी," म्हणते. "रेघेचे तुम्ही."