एका गालावर लाल

फोर्ट ब्रॅगला उन्हाळा येतो तो स्वेटर घालूनच.
सकाळी अकरापर्यंत समोरचं सायप्रस
जागेवर आहे की नाही, हे डेल्फिना अझेवेदो
नुसत्या सवयीने ठरवते.

बंदरावरचा भोंगा हंबरत राहतो
रेडकू चुकलेल्या म्हशीसारखा.
वाटाण्याच्या वेली मात्र खुशीत, जुलै सरला तरी फुलतायत.
कोबीच्या पानापानात धुक्याचं पाणी,
नळ सोडावाच लागत नाही.
गोगलगाईंचंही बरं चाललंय.

फक्त टोमॅटो.
धुराड्याच्या भिंतीला, काळे दगड रचून,
जुन्या खिडकीची काच टेकवून
ती दरवर्षी एकच रोप लावते.
दरवर्षी हिरव्या गोट्या. ऑक्टोबरात त्यांचं लोणचं.

फ्रेस्नोहून मुलाचा फोन: "इथं एकशे आठ!
टोमॅटो फुकट वाटतायत, पेटीभर आणू?"
"आण. जाताना वाटाणे ने."
रोपाचं ती काही बोलत नाही.

शेजारचा वेंडेल कुंपणावरून विचारतो, "धरला का रंग?"
एकोणीस वर्षं हाच प्रश्न, हीच टोपी.

या वर्षी धरला.
सप्टेंबरच्या तीन उघड्या दिवसांत
एकाने, लिंबाएवढ्या, एका गालावर.
तिने वेंडेलला हाक मारली नाही.
मिठाची डबी घेऊन
ओट्याशी उभ्या उभ्या खाल्ला.

आंबट होता. साल जाड.
एक बी हनुवटीला चिकटून राहिलं.

बाहेर धुकं परत उतरत होतं,
सायप्रसपासून सुरुवात करत.
तिने वरचं बटण लावलं
आणि वाटाणे तोडायला गेली.