जुनी फाईल

नव्या कार्डावर माझं नाव चुकलंय.
दिगंबर पेडणेकरचं दिगमबार झालंय.
चालेल, म्हणाला काउंटरवरचा पोरगा,
सिस्टीम नंबर बघते.

फहाहीलच्या सरकारी इस्पितळातही
सव्वीस वर्षांत माझं नाव कुणी नीट घेतलं नाही म्हणा.
शोशम्मा सिस्टर ‘दिगूचेट्टा’ म्हणायची,
डॉक्टर वग्दी नुसतं ‘या हिंदी, तआल’,
आणि मी उठून जायचो.

कसलं प्रेम नि कसलं काय.
लिफ्ट बंद. चार-चार तास बाकावर.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसायची,
ती विझते का बघत बसायचं.
एकदा कुणा बाईचा रिपोर्ट माझ्या फाईलला लागला,
आठवडाभर मी कागदोपत्री गरोदर होतो.

शेजारी अबू फालेह.
त्याची साखर, माझी साखर.
तो खिशातून खजूर काढायचा, अर्धा मला द्यायचा,
आणि शोशम्मा तेवढ्यात पाठ फिरवायची, मुद्दाम.

आता तो तिथेच.
आम्ही परदेशी नव्या इमारतीत, विम्यावर.
गेलो. खोटं कशाला बोलू,
गार पाणी, मऊ खुर्ची, वीस मिनिटांत नंबर.
तरणी डॉक्टर, नजर स्क्रीनवर.
‘कधीपासून आहे?’
काय सांगू?
मुलगी पोटात होती तेव्हापासून?
की आई गेल्याचा फोन आला त्या दिवसापासून,
साखर चारशेवर,
आणि वग्दीनं फाईलच्या कोपऱ्यात
अरबीत एक ओळ लिहिली,
जी मी आजवर कुणाकडून वाचून घेतली नाही?
‘बरीच वर्षं,’ म्हटलं.
तिनं ‘बरीच’साठी एक रकाना शोधला.

मंगळवारी रजा टाकून जुन्या ठिकाणी गेलो.
तिकिटाच्या मशीनमध्ये दोन दिनार घातले.
तिनं परत केले.
पुन्हा घातले. पुन्हा परत.
नेपाळी गार्ड म्हणाला, चाचा, आपका इधर बंद हो गया.
माहीत आहे, म्हटलं. फाईल तेवढी बघायची होती.
फाईल नाही मिळणार, म्हणाला,
पण बसा. बाहेर ऊन फार आहे.

बाक तोच, एका अंगानं खचलेला.
बाराच्या सुमारास काठी टेकत अबू फालेह आला,
खजूर काढला, बी काढून फडक्यात बांधली,
अर्धा माझ्या हातावर ठेवला.
तुझा नंबर किती?
दोनशे चौदा, मी ठोकून दिलं.
माझा दोनशे नऊ, तो म्हणाला,
पुकारला की सांग.
मला हल्ली नीट ऐकू येत नाही.