मला कळलं तर पास

सोहारच्या मेडिकल कॉलेजात माझी नोंद
'प्रयोगशाळा मदतनीस, ग्रेड तीन' अशी आहे.
बरण्या पुसायच्या, फॉर्मलिन भरायचं,
सांगाड्याचा निसटलेला अंगठा
तारेनं पुन्हा बांधायचा.
पण बुधवारी दुपारी डॉक्टर सुहैर मला
पहिल्या रांगेत बसवतात, चहा देतात
आणि मुलांना सांगतात,
हे मकबूल सोलकर.
यांना कळलं तर पास.

पहिला आला जेरिन.
कडक इस्त्रीचा कोट, पंचवीस स्लाइड.
मूत्रपिंडावर बोलला, सलग वीस मिनिटं.
मी मान हलवत राहिलो.
आम्हा मदतनिसांची मान हलतेच,
पगाराच्या आधी ती सवय लागते.
बाईंनी विचारलं, काय कळलं?
म्हटलं, मुलगा हुशार आहे.
वर्ग हसला.
जेरिन नापास.

मुस्तफा म्हणाला, लस म्हणजे
चोराचा फोटो पोलिसांना आधीच देऊन ठेवणं.
हे बरं होतं.
पण माझ्या तोंडून निघून गेलं,
आणि चोरानं दाढी वाढवली तर?
बाईंनी खडू घेतला, माझा प्रश्न फळ्यावर लिहिला,
माझा, फळ्यावर,
आणि म्हणाल्या, उत्तर मिळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही.
त्या दिवशी मला बरण्या पुसायला रात्र झाली.

गाळणी तर सगळ्यांचीच ठरलेली.
मूत्रपिंड म्हणजे गाळणी, मकबूलभाई, चहाची गाळणी.
मी कप खाली ठेवला.
गाळणीत चोथा वर राहतो आणि चहा खाली येतो.
मग आपण रोज टाकतो ते काय, चहा की चोथा?

अस्मा बलुशी तेव्हा काही बोलली नाही.
पुढच्या बुधवारी आली ती हात हलवत.
म्हणाली, माझे बाबा पहाटे जाळं ओढतात,
आधी सगळं होडीत ओततात,
सुरमई, शेवाळ, खेकडे, कुणाची तरी चप्पल.
मग बसून कामाचं तेवढं वेचून ठेवतात,
उरलेलं परत पाण्यात.
मूत्रपिंडाचंही तसंच.
रक्तातलं पाणी, मीठ, साखर, घाण
आधी एकदम बाहेर ओततं
आणि हवं ते वेचून परत आत घेतं.
दिवसभर, रात्रभर, बसल्या जागी.
पाणीच कमी पडलं
तर जाळं नीट ओढलं जात नाही.

मी मान हलवली नाही.
बाणकोटच्या खाडीत
बापाच्या होडीत निवडायला बसलेला मी,
बोटांना खवलं चिकटलेली,
उठलोच नाही तिथून, बराच वेळ.

जूनमध्ये बाई सगळ्यांना बंदराकडच्या कॅम्पात घेऊन गेल्या.
दुपारच्या सुट्टीतले वेल्डर,
सिवानचे, नलगोंड्याचे, चितगावचे,
पंख्याखाली दाटीनं.
अस्मानं जाळं ओढलं, होडी भरली, वेचून दाखवलं.
मी हिंदीत जोड देत होतो.
सगळ्यांना कळलं. चेहऱ्यावरून कळतं ते.

मग मागचा एक पोरगा उठला, मिसरूडही नीट फुटलेलं नाही.
दीदी, पाणी प्यायचं हे आम्हाला ठाऊक आहे.
संडास पार गेटापाशी आहे.
गेलो की फोरमन मिनिटं मोजतो.
म्हणून पीत नाही.

अस्मानं वही उघडली.
विचारलं, किती मिनिटं?
त्यानं सांगितलं. तिनं लिहून घेतलं.
पंख्याची घरघर तेवढी चालू.
परतीच्या बसमध्ये कुणी बोललं नाही,
जेरिनसुद्धा.

काल बुधवार.
चहा आला, पण खुर्ची रांगेतली नाही,
टेबलामागची, बाईंची.
अस्मा समोर उभी राहिली, वही छातीशी.
म्हणाली, मकबूलभाई,
आज तुम्ही फोरमन व्हा.

मी मागे रेललो.
घड्याळ पाहिलं.
तीस वर्षांत ऐकलेला तो आवाज
माझ्याच गळ्यात सापडला.
बोल, म्हटलं. दोन मिनिटं आहेत.