एकशे सत्तेचाळीस

साठ दिवस असतात, नकलेचा वेळ वजा जाता.
आदगोंडाला ते सांगितलं नव्हतं असं नाही,
निकालाच्या दिवशीच सांगितलं होतं,
पण तेव्हा त्याच्या कानात 'जन्मठेप'
रिकाम्या मागासारखी खडखडत होती.

आता दोनशे सात झालेत.
कळंब्याच्या चार नंबर बरॅकीत मी अर्ज लिहितो.
शिक्षा मलाही आहे, पण अक्षर बरं आहे.
ऑफिसातनं बजावलंय :
उशिराच्या प्रत्येक दिवसाचं कारण द्यायचं.
'बोल,' म्हटलं.

पहिले एकोणीस दिवस वकील.
जाळीपलीकडनं पोरगं म्हणालं होतं,
पैसे दिलेत, काम चालू हाय.
काम चालू नव्हतं. हे लिहिता येतं.

मग बावीस दिवस सीपीआर. कावीळ.
केसपेपर आहे, त्यावर शिक्का.
शिक्क्याचे दिवस सोपे.

मग पोरगं यायचं थांबलं.
'का?'
आदगोंडा नखानं फरशी खरवडत राहिला.
'त्ये लिवू नका.'
कौटुंबिक अडचण, असं लिहून
तीस दिवस मी तिथं बसवले.

उरले शहात्तर.

'काय केलंस एवढ्या दिवसांत?'
'काय न्हाई. उठलो. गिनतीला बसलो. जेवलो.
भिंतीपल्याड काकवीचा वास याय लागला,
मंग बंद झाला.'

इचलकरंजीत तो तेवीस वर्षं जॉबर.
धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची,
कापडात ती गाठ कुणाला दिसायची नाही.
'हितं तसं काय करता येत न्हाई?'
'येतं,' म्हटलं, 'पण धागा तरी दे.'

बराच वेळ गप्प.
बाहेर कुणीतरी बादली आपटली.
मग माझ्याकडं न बघता म्हणाला,
'तवा मला वाटत हुतं, शिक्षा बरोबर हाय.'

'मग?'

'मंग एक दिस वाटलं,
बरोबर हाय. पर एवढी न्हाई.'

पेन तसंच धरून बसलो.
सात वर्षांत किती अर्ज लिहिले,
एकातही हे वाक्य नव्हतं.
आणि हे पुरेसं कारण नव्हे, हेही मला ठाऊक.
लिहिलं : अर्जदार अशिक्षित असून
त्यास कायद्याचे ज्ञान नाही, सबब विलंब माफ व्हावा.
वाचून दाखवलं. त्यानं मान हलवली,
दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकल्यासारखी.

अंगठा उठवला. शाई जरा जास्त झाली,
रेषा बुजल्या.

शिपाई दारातनंच ओरडला,
साहेब गेले, आवक बंद.
उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार.
म्हणजे सोमवार.

एकशे सत्तेचाळीस खोडून
वर एकशे पन्नास लिहिलं, शेजारी सही घेतली,
म्हणजे पुन्हा अंगठाच.

आदगोंडा बोटं मोजत होता.
'ह्या तीन दिसांचं काय लिवणार?'