कोपर बुडवून

(डुलुथ, सरोवर गोठलेलं असताना)

पाणी आधी कोपराने बघ, लेलंड.
दिवसभर गोदीवर दोर ओढणारी तुझी बोटं,
त्यांना कोमट काय अन् कढत काय.

आता मानेखालचं दूध. मांड्यांच्या घड्या.
आणि हो, तिथेही,
जे विचारायला तू मघापासून खाकरतोयस.
तुझी सुंता झालेली, तुझ्या बापाचीही,
म्हणून या घरात कुणाला ठाऊक नाही, एवढंच.

वरवर धू. नुसतं पाणी पुरे.
कातडी मागे सारायची नाही.
बोटाला नख धरून असतं
तशी ती आतून धरून आहे अजून.
सुटेल तिसऱ्या वर्षी, नाहीतर दहाव्या,
तिला तुझ्या घड्याळाशी काय देणंघेणं?
मग त्याचं त्याला शिकव,
दात घासायला शिकवशील तसं, न लाजता.
लघवीला कळवळला, लाली आली, सूज आली,
तर मात्र फोन. रात्र असली तरी.

हे मी नेहमी असं सांगत नव्हते.
एकोणनव्वद साली, याच चढावरच्या निळ्या घरात
एका आईचा हात धरून मी दाखवलं होतं:
रोज थोडं मागे, अगदी हळू.
आम्हाला तसंच शिकवलेलं.
बाळ किंचाळलं.
मी म्हटलं, रडतातच.

ऑरिन त्याचं नाव.
आता बर्फ लोटायचा ट्रक चालवतो,
माझ्या दारासमोरचा सगळ्यात आधी काढतो.
त्याला कुठलं आठवायला.

टॉवेल दे इकडे.
अंहं, पुसू नकोस.
टिपून घे.